दिवाणजींचं अपडेट

हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर एकत्र आले की सांगलीच्या मार्केट यार्डातली माणसं फोन दुरुस्तीला टाकून जात नाहीत, समोर उभं राहून करून घेतात. अडत दुकानातले एक दिवाणजी असेच माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरला टेकले.

"तुम्ही घालून दिलेलं हिशेबाचं ॲप बिघडलंय वो. अपडेटच घेईना."

ते ॲप मी एफ-ड्रॉइडवरून घातलं होतं. मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही बघता येतो अशा ॲपचं हे भांडार २०१० पासून आहे. बहुतेक ॲप तिथं मूळ कोडवरून त्यांच्याच सर्व्हरवर तयार होतात, मग त्यांवर डिजिटल सही होते. ॲप पाळत ठेवत असेल किंवा जाहिराती दाखवत असेल तर तसं पानावरच लिहिलेलं असतं. शिवाय प्ले स्टोअरसारखं गूगल खातं लागत नाही. जीमेलचा पासवर्ड विसरलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात, त्यांना हे सोयीचं.

"अपडेट आलं कुठनं?"

"यार्डाच्या ग्रुपवर. आपल्याच माणसानं टाकलंय."

व्हॉट्सॲपवरची एपीके, म्हणजे थेट ॲप घालायची फाइल. दाबली की फोन म्हणे, ॲप इन्स्टॉल झालं नाही. कारण नीट समजावून सांगायचं सौजन्य अँड्रॉइडकडे नाही. नियम असा की जुन्या ॲपवर ज्या चावीची, म्हणजे बनवणाऱ्याकडच्या गुप्त डिजिटल किल्लीची सही, त्याच चावीची नव्यावर हवी. नसेल तर ते जुन्यावर बसत नाही. पण एवढ्यावरून लबाडी ठरत नाही. तेच ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं तर त्याची चावी वेगळी असू शकते, आणि अस्सल असूनही ते असंच अडतं.

म्हणून फाइल कॉम्प्युटरवर घेतली आणि न चालवता आतली सही आणि परवानग्यांची यादी काढली. सहीचा ठसा ना एफ-ड्रॉइडचा, ना ॲप बनवणाऱ्यानं जाहीर केलेला. वर एसएमएस वाचायची परवानगी! मूळ ॲपला मेसेजशी काही देणंघेणं नाही. याला ओटीपी हवे होते.

"ग्रुपवर लिवलंय, आधी जुनं काढा, मग नवीन घाला," दिवाणजी म्हणाले. "पण जुनं काढलं तर सगळा हंगाम पुसला जाईल की!"

खरी चलाखी त्या सूचनेत होती. जुनं ॲप काढलं की सही ताडून बघायला फोनकडे काहीच उरत नाही. मग कुणाचीही चावी चालते. दिवाणजी वाचले ते वहीतल्या आकड्यांच्या मायेनं. आधी त्यांच्या हिशेबाचा बॅकअप काढला, मग एफ-ड्रॉइडमधून अपडेट दिलं. ते मुकाट्यानं बसलं.

त्यांनी ग्रुपवर इशारा टाकला. फाइल ज्याच्या नावानं आली होती, त्याचं व्हॉट्सॲपच दुसऱ्याच्या हातात गेलेलं निघालं. तेवढ्यात यार्डातून एकाचा फोन: "मी घातलंय की ते सकाळीच. आता?"

"फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा, मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार. आणि तो फोन घेऊन इकडं या."