गेटवर विचारायचे तो प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मोन्रोव्हिया. तिथल्या सिंकोर भागात आम्ही भाड्याने राहतो, त्या घराची मालकीण म्हणजे ओल्ड मा. लायबेरियात वयाने मोठ्या बाईला ओल्ड मा आणि पुरुषाला ओल्ड पा म्हणतात. आपल्या आजी-आजोबांसारखंच, नाव कोणी घेत नाही. मीही इथे घेणार नाही.

दर रविवारी मी आईशी तासभर फोनवर बोलते. एका रविवारी फोन ठेवून मागच्या अंगणात आले, तर ओल्ड मा उखळात कसाव्याचा पाला कुटत होती. म्हणाली, "ही तुझी डायलेक्ट का?" इथे घरच्या बोलीला सगळे डायलेक्टच म्हणतात. मी हो म्हटलं. "बोल बघू अजून काहीतरी." मी म्हटलं, "जेवलीस का?" मला वाटलं हसेल. तिने मुसळ उखळात तसंच उभं ठेवलं आणि म्हणाली, "गेटवर असंच विचारायचे, बोल बघू."

गेट म्हणजे इथल्या यादवी युद्धातला नाका. रस्त्यावर आडवी बांधलेली दोरी आणि पलीकडे बंदूकवाली पोरं. कुणाच्या डोक्यावर बायकांचा विग, कुणाच्या अंगात लुटून आणलेला लग्नाचा पांढरा झगा. पुरुषांच्या पायावर सैनिकी बुटाचे वळ आहेत का ते बघायचे. मग विचारायचे, कुठल्या जमातीचा? बोली बोलून दाखव.

ओल्ड मा क्राहन जमातीची, देशाच्या आग्नेयेकडच्या झ्वेद्रूची. ओल्ड पा गिओ जमातीचे, उत्तरेच्या निंबाचे. 1978 च्या सुमारास दोघं पोटापाण्यासाठी मोन्रोव्हियात आले. ती शिवणकाम करायची, ते बस चालवायचे. एकमेकांशी बोलायला इंग्रजी होतीच, पण प्रेमात पडलेल्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. त्यांनी तिला गिओ शिकवली, तिने त्यांना क्राहन. त्यांची क्राहन शेवटपर्यंत मोडकीच राहिली, हे सांगताना मात्र ती खुदकन हसली. तिची गिओ इतकी साफ होती की सासू पहिल्यांदा भेटली तेव्हा फसली. त्यांनी शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, 'ये, जेवायला बस.'

1980 च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल डो नावाच्या सार्जंटने राष्ट्राध्यक्ष टॉलबर्ट यांना मारून सत्ता घेतली. डो क्राहन. 1985 च्या नोव्हेंबरात त्याचाच जुना साथीदार, निंबाचा थॉमस क्विवोंक्पा, त्याच्यावर उलटला. बंड फसलं, क्विवोंक्पा मारला गेला आणि सैन्याने निंबात जाऊन गिओ आणि मानो लोकांवर सूड उगवला. "तेव्हापासून दोन्हीकडच्या घरी आमचं नाव टाकलं," ओल्ड मा म्हणाली. तिच्या भावाने तर निरोपच धाडला होता, त्याला सोडून ये. 1989 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर याची माणसं आयव्हरी कोस्टमधून निंबात शिरली. गिओ-मानो पोरं त्यांना आपसूक जाऊन मिळाली आणि क्राहन माणूस दिसला की मारायला लागली.

1990 च्या जुलैत मोन्रोव्हियाचा मधला भाग अजून डोच्या सैनिकांच्या हातात होता आणि ते गिओ-मानो शोधत फिरत होते. तीन आठवडे ओल्ड पा छताखालच्या माळ्यावर पडून होते. दारावर थाप पडली की ओल्ड मा बाहेर जायची आणि शिपायांशी क्राहनमध्ये बोलायची, गावाकडची, मामा-मावशीची चौकशी करायची. तांदूळ संपल्यावर पोरांना ताडाच्या शेंड्याचा गाभा उकडून घातला. 29 जुलैच्या रात्री आमच्या या घरापासून लांब नसलेल्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेली सहाशेच्या आसपास माणसं सैनिकांनी मारली. बहुतेक गिओ आणि मानो. चर्च आजही चालू आहे, मी रोज त्यावरून जाते. पहिलं वर्षभर मला ते फक्त एक चर्च होतं.

दुसऱ्या दिवशी चौघं निघाले. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. शहर ओलांडून टेलरच्या मुलखात पाऊल पडलं आणि डाव उलटला. आता नवऱ्याची बोली जगवणारी आणि तिची मारणारी.

तिसऱ्या गेटवर त्यांच्याच गल्लीतला एक माणूस बंदूकवाल्यांबरोबर उभा होता. याच्या बायकोचं पोलकं ओल्ड माने ईस्टरला फुकट शिवून दिलं होतं. त्याने बोट दाखवलं. "ही क्राहन."

विग घातलेल्या पोराने ओल्ड पांना विचारलं, "ही तुझी बायको?"

ते म्हणाले, "नाही. मी हिला ओळखत नाही." दोन्ही पोरांचे हात धरले आणि दोरीखालून पलीकडे गेले.

हे सांगताना ओल्ड माने पाला कुटून संपवला होता आणि ती उखळाची कड बोटाने पुसत होती. "मुलगी वळून बघत होती," ती म्हणाली. "त्यांनी तिची मान सरळ केली."

मग तिची पाळी. बोल. तिने तोंडाला येईल ते गिओत म्हटलं, ते पहिलंच वाक्य, 'ये, जेवायला बस.' पोरगं म्हणे खो खो हसलं. मग तिने त्याच्या आईचं गाव विचारलं, पाऊसपाणी विचारलं, सासूचा हेल काढून. बोट दाखवणारा ओरडत राहिला, पण त्याला स्वतःला गिओ येत नव्हती. शेवटी बंदूकवाल्यांनी त्यालाच दम दिला आणि ती सुटली. तोवर नवरा आणि पोरं शहराबाहेरच्या फेंडेलकडच्या गर्दीत मिसळून गेली होती. ते सगळे तिला सापडले सात महिन्यांनी, सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमधल्या दानानेत. तिथली माणसंही हीच बोली बोलतात. तिथे सहा वर्षं ती गिओ बाई म्हणूनच राहिली.

पुढचं तिने भराभर सांगितलं. 1997 ला टेलर निवडून आला, ही परतली. 2003 च्या जून-जुलैत, इथल्या धो धो पावसात, पुन्हा तोफगोळे. मग शांतता. दोन्ही युद्धांत मिळून अडीच लाख माणसं गेली असं सांगतात. टेलरला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. बोट दाखवणारा माणूस आजही शहरातल्या रेड लाइट भागाकडे राहतो. भेटला की "हाउ द बॉडी?" विचारतो, म्हणजे कशी आहेस. ही म्हणते, "ट्रायिंग स्मॉल." चाललंय थोडंफार.

ओल्ड पांची बाजू मला कळली केकेत. केके म्हणजे आपली रिक्षा. इथल्या कितीतरी बजाजच्या, त्यामुळे माझा त्यांच्यावर जरा जास्तच जीव. बाबांची उभी नोकरी वाळूजला गेली. मी ओल्ड पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. गाणं कर्कश वाजत होतं, ते माझ्या कानाशी वाकून बोलले. "तिने सांगितलं ना तुला? हो म्हणालो असतो तर चौघं जागच्या जागी गेलो असतो. ती गिओ बोलून सुटेल, हे मला माहीत होतं. मीच शिकवली होती." थोड्या वेळाने म्हणाले, "माहीत होतं म्हणजे, वाटलं होतं."

केकेत मला त्यांचं पटलं. घरी येऊन तिचा चेहरा बघितला आणि पटेनासं झालं. मुलगी आता अमेरिकेत आहे. ती दोघांनाही वेगवेगळा फोन करते.

आपण नव्या माणसाला सहज विचारतो, गाव कुठलं, आडनाव काय. उत्तरावरून मनातल्या मनात त्याला कुठे बसवायचं तेही ठरवून टाकतो. परवा दुकानात एका मुलाला मी सवयीने विचारलं, "तू कुठल्या जमातीचा?" तो म्हणाला, "लायबेरियन, मॅडम." मी गुपचूप पैसे दिले.

ओल्ड मा बाजारातल्या बायकांशी आजही फर्डी गिओ बोलते. नवऱ्याशी मात्र गेली पस्तीस वर्षं फक्त इंग्रजी, तीही कामापुरती. संध्याकाळी भात झाला की नातवाला पिटाळते, "जा, आजोबांना सांग, राइस रेडी." माशाचं डोकं मात्र ठरलेलं त्यांच्याच ताटात.

काल नातू खेळायला गेला होता. भात झाला. ती दारापर्यंत आली, ओसरीवर पाठमोऱ्या बसलेल्या त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि हातातल्या डावाने पातेल्याच्या काठावर दोनदा टकटक केलं. ते उठून आत आले.