आईचा टाळ

दिवे घाटाच्या पहिल्याच वळणावर लेकीनं विचारलं, "आज्जी कुठं टेकायची गं?" मला सांगता येईना. आईबरोबर मी एकदाही वारी चालले नव्हते. आधी शाळा, मग लग्न, नोकरी, लेकीची दहावी. आई दरवर्षी म्हणायची, "ये की एकदा." मी म्हणायचे, पुढच्या साली नक्की. माघात ती गेली. ज्येष्ठात मी आळंदीला जाऊन तिच्याच दिंडीत दोघींची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरली.

त्या दिवशी एकादशी होती. पुणे ते सासवड ही सगळ्यात लांबची चाल, त्यात उपास आणि वर हा घाट. माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. डोक्यावर तुळस घेतलेल्या साठीतल्या बाया आम्हाला मागं टाकून जात होत्या. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर दिंडीतल्या एका मावशींनी दिलं. "टेकायची कशाची! वर पोचली की वळून खाली बघायची, आपल्यातलं कोण मागं राहिलंय ते. आणि पुन्हा निम्मा घाट उतरायची."

वडील 1984 साली गेले तेव्हा आई एकतीस वर्षांची होती, मी आठ, धाकटी पाच. साताऱ्याकडचं आमचं गाव. आईनं एक जुनं शिलाई मशीन हप्त्यानं घेतलं आणि ओसरीवर ब्लाउज शिवायला बसली. तीन वर्षांनी म्हणाली, मी वारीला जाणार. घरात गहजब झाला. बाईमाणूस, तीही विधवा, एकटी कशी जाणार? "एकटी कुठं?" ती म्हणाली. "लाखभर माणसं असत्यात की." पोरींना आजोळी सोडलं, ओसरीच्या खांबाला पाटी लावली: 'पंढरपूरला गेले आहे. कापड आषाढीनंतर मिळेल.' वारीचे पैसे तिनं ब्लाउजांच्या शिलाईतून वर्षभर बाजूला काढलेले होते, कुणाकडं मागितले नाहीत. गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबायची. त्या पाटीवरची अक्षरं ती दरवर्षी नव्यानं गिरवायची.

2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली ती बस आईनं टीव्हीवर पाहिली, हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून गावच्या वेशीपर्यंत चालत जाऊन परत यायला लागली. रोज. तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. मी फोनवर ओरडले, तर म्हणाली, "माऊली बसनं गेली. मला कुठं कुणी बस पाठवलीय?"

तिच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, "माझा टाळ अजून वाजतोय." ते कुठून आलं ते मला लोणंदच्या तळावर कळलं.

मुक्कामाला समाजआरती असते. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच करतात आणि 'होऽऽ' म्हणतात. त्याबरोबर सगळं थांबतं. एवढा मोठा समुदाय असा एका क्षणात गप्प होताना मी आयुष्यात प्रथमच पाहिला. पण त्या संध्याकाळी एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. मावशी म्हणाल्या, "दिसलंय त्यांना. ज्या दिंडीची तक्रार असती, ती टाळ थांबवत न्हाई." चोपदार त्या दिंडीकडं गेले, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, तेव्हा कुठं ते टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या: एक चष्मा, एक पितळी तांब्या, कुणाची तरी औषधांची पिशवी. मग आरती झाली.

मी तिथंच खाली बसले. चुलत्यांनी जमिनीच्या हक्कसोड पत्रावर आईची सही मागितली होती, तेव्हा ती हेच म्हणाली होती. मी दाराआड उभी होते. भावकीतली पाच माणसं समजूत घालत होती, चहा दोनदा झाला, आणि आई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "माझा टाळ वाजतोय अजून. तुमचं चालू द्या." सही तिनं केली नाही. त्या दोन एकरांवर आम्हा दोघी बहिणींचं कॉलेज झालं.

आणि चार वर्षांपूर्वी लेकीनं ठरत आलेलं स्थळ नाकारलं तेव्हाही. घरात सगळे तिला समजावत होते. मीसुद्धा त्यांच्यातच होते, हे लिहिताना आजही घशाशी येतं. आई सकाळच्या पहिल्या एसटीनं आली, चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली. "पोरीचा टाळ वाजतोय. कुणाला ऐकू येईना झालंय का?" मला तेव्हा ते म्हातारपणचं काहीतरी बोलणं वाटलं होतं. लोणंदला लेक माझ्याशेजारी बसली, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं पिशवीतून आईचे टाळ काढले. दोरी तुटली म्हणून आईनं ब्लाउजच्या अस्तराची पट्टी दुमडून, दुहेरी शिवण घालून नवी दोरी केली होती. जांभळी. त्या रात्री राहुटीत तीन बायांनी आम्हाला आपापल्या टाळांच्या दोऱ्या दाखवल्या. एक हिरवी, दोन लाल, तीच दुहेरी शिवण.

पुढचे दिवस पावसात गेले. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण पाहिलं. अश्व पुढून धावत गेला तेव्हा लेकीनं बायांसारखीच त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली. वेळापूरला पाय इतके सुजले की चप्पल चढेना.

पंढरपुरात आई दर्शनाच्या रांगेत कधी उभी राहायची नाही. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात जोडले की झालं. आम्हीही तेवढंच केलं. चुरमुरे घेतले, बुक्का घेतला.

गावी आल्यावर ओसरी उघडली. मशीनच्या खणात एक ब्लाउज कापून ठेवलेला होता, वर चिठ्ठीत मापं, बाह्या जोडायच्या राहिलेल्या. मला शिवण तिनंच शिकवलेलं. दोन दिवस लागले. दुहेरी शिवण घातली, घडीत बुक्क्याची पुडी ठेवली आणि वरच्या आळीत नेऊन दिला. त्या काकूंनी शिलाई विचारली. आई घ्यायची तेवढीच घेतली.