मशीनखाली ओटा

दिवाळीत फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतली, सात किलोची. आता डिसेंबर निम्मा गेला, सोयाबीन विकून झालं, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, दुसरी वेचणी चालू आहे, पण आमच्या घरात विषय अजून एकच, मशीनखाली ओटा बांधायचा का नाही.

मला विचाराल तर बांधायचा. सकाळी साडेपाचला कपडे मीच टाकते आणि शाळेत जायच्या आधी मीच काढते. मशीनचं ते गोल दार जमिनीपासून जेमतेम दीड वीत वर, म्हणजे ओली सोलापुरी चादर ओढायची तर आधी उकिडवं बसा, मग मुंडकं आत घाला, मग चादर बाहेर आली की तिच्यासकट उठा. वाकून काढलं तर कंबर धरते, बसून काढलं तर गुडघे कटकट वाजतात, आणि एवढं करून दोरीपाशी गेलं की आठवतं, एक मोजा त्या रबराच्या घडीत राहिलाच.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात चूल खालीच होती. सासूबाई पाटावर बसून भाकरी थापायच्या, बाजूला पाटा-वरवंटा, पलीकडं जातं. मग गॅस आला तसा ओटा आला, मिक्सर आला, जातं गोठ्यात गेलं. स्वयंपाक असा हळूहळू उभा राहिला, पण धुणं काही उठलं नाही, ते आपलं मोरीतल्या दगडापाशी बसूनच. आणि आता चांगले पैसे मोजून मशीन आणली तर तीपण येऊन खालीच बसली.

आमच्या ह्यांचं म्हणणं, कशाला एवढा पसारा, लोखंडी स्टँड भेटते बाजारात, चाकं असलेलं, कुठंही ढकला. मी म्हटलं, ढकलायची गरजच पडणार नाही, ती स्वतःच जाईल. मी शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळं घरात कुठलीही वस्तू आली की माझं गणित सुरू होतं आणि बाकीच्यांचे हात कपाळाला जातात. पण बघा ना, मशीन पिळताना मिनिटाला 1200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 20. ड्रमची त्रिज्या 24 सेंमी धरली आणि किलोभर ओला टॉवेल एका बाजूला गोळा होऊन राहिला, तर तो ड्रमला पावणेचारशे किलोच्या वर जोरानं बाहेर ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला वीसदा गोल फिरते. मशीन तशी शहाणी असते, कपडे गोळा झाले की आधी हळू फिरवून पसरवून बघते, नाहीच जमलं तर पिळायचं सोडून देते. याच हादऱ्यांसाठी तिच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, म्हणून तर ती 60-65 किलोची होते. हे मी जेवताना सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आंधीच पोटात शिमिट हाय न तिच्या, मंग खालतून आणखी कायले शिमिट?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चालणारी मशीन मी डोळ्यांनी बघितलेली आहे. आमच्या जाऊबाईंकडं बसवून देणारा पोरगा घाईत होता, मागचे बोल्ट काढायचेच विसरला. ट्रकात ड्रम हलू नये म्हणून ते कसलेले असतात, वापरायच्या आधी काढावेच लागतात. पहिल्याच दिवशी ती धडधडत, नळी ताणत, मोरीच्या दारापर्यंत गेली आणि जाऊबाई किंचाळत अंगणात. संध्याकाळपर्यंत गावात बातमी, त्यांच्या मशीनमध्ये काहीतरी शिरलं. बोल्ट काढले तसं जे शिरलं होतं ते निघून गेलं. पण विचार करा, हेच फूटभर उंचीवरून झालं असतं तर?

आमच्याकडं आणखी एक भानगड, जमीन. अमरावती जिल्ह्यातला दर्यापूर तालुका, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं, वर काळी चिकण माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून अशी फाटते की शेतात भेगेत अख्खा हात जातो. घर तिच्यावरच उभं, मग भिंतीला तडे, फरशी इकडून वर तिकडून खाली. मशीन आली तेव्हा चारही पाय फिरवून, नट कसून, वर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवून लेवल करून घेतली होती. महिन्याभरात ग्लासातलं पाणी एका कडेला चढलं. सध्या मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि ती घडी ओली होऊन दबली की मी दुसरी करते.

शेवटी मिस्त्रीभाऊंना बोलावलं. त्यांनी फरशीवर टाच आपटून बघितली, वाकून तडा बघितला, मग म्हणाले, "मॅडम, याच्यावरच ओटा चढवला त फरशी जथी जाईन तथी ओटाबी जाईन." म्हणजे फरशी फोडा, खालची माती काढा, मुरूम टाकून चांगला दाबा, मग गिट्टीचा कोबा, मग विटा. आणि वर चकचकीत टाइल अजिबात नको, पाय घसरतात, कोटा फरशीची खडबडीत बाजू वर ठेवून चारही बाजूनं इंचभर कड उचलायची. मला माणूस पटला. आमच्या ह्यांना खर्च पटला नाही, पण उंदरांनी माझी बाजू घेतली. स्टँडखाली पोकळ जागा, आणि घरात तूर-हरभऱ्याची पोती, म्हणजे उंदरांना आयतं बिऱ्हाड, वरून वायरी कुरतडायला. ओटा भरीव. हे ऐकून ते गप्प बसले.

आणि फिल्टर! खाली उजव्या कोपऱ्यात बारकं झाकण असतं, ते उघडलं की उरलेलं पाणी बाहेर येतं, आणि मशीन जमिनीवर असली की त्या पाण्याखाली ताटाशिवाय काही सरकत नाही. मागच्या रविवारी मी सात ताटं पाणी उपसलं तेव्हा हातात आलं काय, तर चार तुरीचे दाणे, शर्टाचं बटण, पऱ्हाटीचा वाळका पाला आणि दोन रुपयांचं नाणं. फुटभर ओटा असता तर खाली सरळ घमेलं लावलं असतं.

नणंदेच्या मुलानं अमेरिकेतून फोटो पाठवला, त्याच्याकडं तर दोन मशीन शेजारी-शेजारी, दोन्ही पेडेस्टलवर आणि पेडेस्टललाच ड्रॉवर. मी सासूबाईंना दाखवला, म्हटलं बघा, तिकडंपण उंचच ठेवतात. त्यांनी दुसऱ्या मशीनवर बोट ठेवलं. म्हटलं ती कपडे वाळवायची. "वाळवाले मशीन? काऊन, त्यायच्या इकडं ऊन नाई काय व?" मे महिन्यात 45 डिग्रीत दोरीवरची पँट अर्ध्या तासात पापडासारखी होते हे बघितलेल्या बाईला ड्रायर कसा समजावणार.

एवढं सगळं माझ्या बाजूनं असताना त्या मात्र काही केल्या हो म्हणत नव्हत्या. नुसतं, "असू दे न खाली, कोनाचं काय अडते." मला वाटलं खर्चाचं असेल. मग एका रविवारी घरीच होते, मशीन लावली आणि बघते तर त्या पाट घेऊन आल्या, काचेसमोर दोन हातांवर टाकला, भिंतीला पाठ टेकून बसल्या. आत पाणी आलं, फेस आला, ह्यांचा निळा शर्ट वर आला, खाली गेला. त्या बघत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्यात कपडे धुतले, त्या पाण्याला साबण घासून घासून संपायचा पण फेस यायचा नाही. आता नळाचं गोडं पाणी, आणि पावडरही दोनच चमचे. "पाह्य न कसा फेस येऊन रायला," त्या म्हणाल्या, माझ्याकडं न बघता.

पाटावर बसलं की काच बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येते. मशीन फुटभर वर गेली की त्यांना दिसणार काय, तर फिल्टरचं झाकण.

मग मीपण आठवडाभर विषय काढला नाही. वाकत राहिले.

मिस्त्रीभाऊंनीच परवा फोन केला, मॅडम, मुरूमाची ट्रॉली गावात येऊन राहिली, करायचं का नाही ते सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कामावर जातो. आले, टेप लावला, चार थर म्हणाले. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. टेप गुंडाळून मिस्त्री उठले तशा त्या पुढं आल्या, समोरच्या भिंतीपाशी काठी टेकवली.

"तिच्यासाठी चार थर लावून रायला न भाऊ? मंग दोन थर अथीबी लाव. मले बसाले."

सध्या दोन्ही ओटे ओले आहेत, मशीन बैठकीत टीव्हीशेजारी पडून, धुणं परत दगडावर. पाणी मारायचं काम सासूबाईंनी स्वतःकडं घेतलंय, सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन जातात. आधी स्वतःच्या ओट्यावर मारतात, उरलं तर मशीनच्या.