मस्कटेल म्हणजे आपला बेदाणा : माझं चहाचं शिक्षण

आमच्या घरी चहा म्हणजे आधण ठेवायचं, साखर, ठेचलेलं आलं, पावडर, मग दूध आणि तीन उकळ्या. गाव तासगाव, घरची द्राक्षबाग, त्यामुळे पहाटे पाचला पहिला चहा आणि बागेत माणसं आली की मोठं पातेलं. मी त्या चहावरच वाढलेय आणि तो आजही मला तितकाच आवडतो, हे आधीच सांगते, कारण चहा शिकतेय म्हटलं की लोकांना वाटतं ही आता दुधाच्या चहाला नावं ठेवणार.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ऑफिसमधल्या एका सिलिगुडीच्या मित्राने दार्जिलिंग फर्स्ट फ्लशचं, म्हणजे हंगामातल्या पहिल्या तोडणीच्या चहाचं, १०० ग्रॅमचं पाकीट आणून दिलं. मी घरी नेहमीसारखा उकळला, रंग येईना म्हणून अजून दोन चमचे टाकले, दूध घातलं, आणि जे झालं ते कडूजहर. दोन-तीन दिवस असंच चाललं आणि अर्धं पाकीट गेलं. त्याने विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, तर काही न बोलता त्याने पँट्रीतल्या केटलीत पाणी उकळलं, दीड-दोन मिनिटं तसंच ठेवलं, चिमूटभर चहापत्ती कपात टाकून वर पाणी ओतलं, बशी झाकली आणि तीन मिनिटांनी गाळून दिला. फिकट सोनेरी रंग. आणि एक वास, जो मला शंभर टक्के ओळखीचा होता पण नाव काही आठवेना. चार दिवस तो वास डोक्यातून गेला नाही. मग एकदम लक्षात आलं, हापूसची पेटी उघडली की आंब्याच्याही आधी जो पेंढ्याचा वास येतो ना, तो! तिथून मी या नादाला लागले ती लागलेच.

आधी वाचन केलं. हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा, सगळा चहा एकाच झाडाचा, फरक फक्त पान खुडल्यावर त्याचं काय करता याचा, हे मला तिशीत कळलं. आपली घरची दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी, क्रश-टियर-कर्ल. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, गोळी करतात, ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. गोळी बारीक, त्यामुळे रंग आणि जोर झटकन उतरतो आणि दूध-साखरेलाही पुरून उरतो. दार्जिलिंगचा चहा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान न फाडता वळलेलं, त्यावर दूध ओतलं की सगळं बुजून जातं. म्हणजे चूक ना आईच्या चहाची होती ना त्या पाकिटाची, मी एकाची रीत दुसऱ्याला लावत होते.

पण नुसतं वाचून जीभ तयार होत नाही. चहा चाखायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३, १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि बरोबर ६ मिनिटं, पिण्यासाठी नाही तर तुलनेसाठी, कारण एवढ्या वेळात चहाचे दोषही बाहेर येतात. मी छोटा वजनकाटा घेतला, एकसारख्या वाट्या घेतल्या आणि रोज सकाळी दोन चहा शेजारी शेजारी. एकटा चहा काही सांगत नाही, शेजारी दुसरा ठेवला की लगेच बोलायला लागतो. पहिला महिना फक्त कडू आणि तुरट वेगळं करण्यात गेला. कडू म्हणजे कारलं, जिभेवर मागे बसतं. तुरट म्हणजे आवळा, तोंड कोरडं करतो, हिरड्यांना ओढ लागते. चांगल्या चहाला तुरटपणा हवाच, त्याशिवाय तो मिळमिळीत लागतो.

आणि चाखणारे लोक चमच्यातून चहा जोरात सुर्रकन ओढतात, त्याने तो तोंडभर पसरतो आणि वास आतून नाकात चढतो. आमचे आबा बशीत ओतून फुर्रकन चहा ओढायचे आणि आम्हाला पाहुण्यांसमोर लाज वाटायची. आबांची पद्धत बरोबर होती.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पाण्याने. एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी सुरू झालं आणि माझा प्रत्येक चहा काळपट, मेलेला, वर तेलकट तवंग. मी महिनाभर चहावाल्याला दोष देत होते, पत्ती बदलली, वेळ बदलली, काही फरक नाही. शेवटी सुट्टीवर निघालेल्या मैत्रिणीच्या घरून, तिच्याकडे कॉर्पोरेशनचं धरणाचं पाणी येतं, दोन बाटल्या आणल्या, तोच चहा दोन पाण्यांत केला आणि समोर ठेवला. एक चकचकीत तांबूस, दुसरा गढूळ. जड पाण्यातलं कॅल्शियम चहाशी मिळून तो तवंग धरतं, वासही दबतो. दार्जिलिंग घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, पाकिटाआधी पाणी बघा.

मग खरेदीतली फसवणूक. एका दुकानातून ताजा फर्स्ट फ्लश म्हणून घेतलेला चहा मागच्या वर्षीचा निघाला, वासच उडालेला. तेव्हापासून मी बागेचं नाव, तोडणीचं वर्ष आणि जमलं तर लॉट नंबर विचारते. दार्जिलिंगमध्ये बाग आपल्या हंगामातल्या लॉटना डीजे-१, डीजे-२ असे ओळीने नंबर देते. चहाचं पान हातात धरलेल्या बाईचा गोल लोगोही बघायचा, दार्जिलिंगला २००४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, भारतातलं पहिलं.

एवढं करूनही एक शब्द मला अडलेला होता, मस्कटेल. सेकंड फ्लशचं, म्हणजे दुसऱ्या तोडणीच्या चहाचं, वर्णन वाचलं की सगळे मस्कटेल मस्कटेल करतात, मस्कट नावाच्या सुवासिक द्राक्षासारखा स्वाद म्हणे, आणि द्राक्षवाल्यांच्या घरात जन्मून मला तो सापडत नव्हता, याचं खरंच वाईट वाटायचं. २०२३ च्या मेअखेर बागडोग्र्याला उतरून शेअर जीपने दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कर्सियांगला गेले. तिथल्या एका बागेच्या फॅक्टरीत वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि जागीच थांबले. लांबच लांब जाळ्या, त्यावर पसरलेली पानं, खालून पंख्याचा वारा, आणि तो गोडसर, किंचित आंबूस वास. आमचं बेदाण्याचं शेड! जाळीवर सुकायला टाकलेली द्राक्षं चौथ्या-पाचव्या दिवशी जशी होतात, आतून रस, वरून सुरकुतलेली, तशीच ती पानं, मुठीत दाबली तर न तुटता मऊ राहणारी. १४-१६ तास पान असं कोमेजवतात, मग वळतात, मग काळं व्हायला ठेवतात, मग भट्टी. साडेचार किलो ओल्या पानांचा जेमतेम एक किलो चहा.

तिथल्या सुपरवायझर काकांनी सांगितलं की मस्कटेल येतो त्यात तुडतुडे आणि थ्रिप्सचा हात असतो, ते कोवळ्या पानाचा रस शोषतात आणि पान स्वतःला वाचवायला वेगळी द्रव्यं तयार करतं. तुडतुडे आणि थ्रिप्स! आमच्या बागेत याच किड्यांसाठी रात्री-अपरात्री फवारणी चालते. मग त्यांनी कप हातात दिला, मी डोळे मिटून ओढला, आणि मला द्राक्ष नाही, बेदाणा लागला. शेडमधून पहिल्या दिवशी झाडून काढलेला, अजून कोमट असलेला बेदाणा. चार वर्षं मी चुकीचं फळ शोधत होते.

त्यानंतर मी वहीत दुसऱ्यांचे शब्द लिहिणं बंद केलं. पेंढा, कोवळी काकडी, काहिलीतला उसाचा रस, जांभळाची साल, असं लिहिते, आणि वर्षाने उघडलं तरी तो चहा परत तोंडात येतो.

गेल्या दिवाळीत तासगावला ओट्यावर पाच वाट्या मांडल्या, त्यात आमची रोजची पावडरही बिनदुधाची ठेवली, आणि कुठली कुठे ते आईला सांगितलं नाही. तिने बशीत ओतून एकेक ओढला. तिसऱ्याला म्हणाली, "ही आपली गं, हिचा जोर कळतो." मग फर्स्ट फ्लशपाशी बराच वेळ थांबली, दोनदा वास घेतला. मी पेंढा म्हणेल म्हणून वाट बघत होते.

"हरभऱ्याचे डहाळे," ती म्हणाली. "सकाळी दव असताना उपटलेले."

मी परत वास घेतला. होता.