टी४८० विकायला काढला: किंमत कशी लावली

मागच्या नोंदीतला जुना लॅपटॉप, लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, आता तयार आहे. पंखा साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली, की-बोर्ड बदलला आणि थंडरबोल्टचं (वेगवान टाइप-सी पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. हे शेवटचं काम टी४८०वाल्यांनी टाळू नका. जुन्या फर्मवेअरमुळे टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेणंच बंद करू शकतो. लेनोव्होने अपडेट देऊन बरीच वर्षं झाली, तरी लॉटमधून, म्हणजे घाऊक विकल्या जाणाऱ्या जुन्या मालातून, येणाऱ्या मशीनमध्ये ते टाकलेलं असेलच असं नाही. आता उरलं सगळ्यात कटकटीचं काम, किंमत लावणं.

लॉटवाल्याला दिलेले पैसे, एसएसडी, की-बोर्ड, वाया गेलेले रविवार हे सगळं जोडायचं आणि वर नफा चढवायचा, ही पद्धत मला पटत नाही. की-बोर्ड चालणारच, हे घेणारा गृहीतच धरतो. तो मी नवा टाकला याचे जास्तीचे पैसे त्याने का द्यावेत? मी घेणाऱ्याच्या बाजूने मोजतो. हेच मशीन त्याला दुकानात कितीला पडेल, आणि माझ्याकडून नेलं तर घरी गेल्यावर आणखी किती घालावे लागतील?

म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, चक्कर मारली. तोच आय५-८३५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, बिल आणि महिन्याची वॉरंटी असं धरून भाव २१,०००च्या आसपास निघाला. विचारताना पॅनेल, म्हणजे स्क्रीन, कुठलं ते आधी विचारा. टी४८० १३६६ बाय ७६८च्या टीएन पॅनेलमध्येही येत असे. जरा बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. माझ्याकडचं फुल एचडी आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारं आहे, तेव्हा त्या स्वस्त मशीनशी तुलना करून उपयोग नाही. ओएलएक्सवरचे आकडेही मी भाव म्हणून धरत नाही. लोक मनाला येईल ते लिहितात. जाहिराती सेव्ह करून ठेवतो. पटकन उडतात त्या बघायच्या, आणि महिनाभर पडून असलेल्या सोडून द्यायच्या.

टी४८०ला अजून मागणी का, याचं कारण प्रोसेसरच्या पिढीत आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृत चालतं. त्यामुळे सातव्या पिढीचा टी४७० दिसायला जवळपास तसाच, मजबूतही तितकाच, पण गिऱ्हाईक पाठ फिरवतं. विंडोजऐवजी लिनक्स टाकणाऱ्यांनी खरं तर तोच उचलावा.

आता वजाबाकी. माझ्याकडे ना बिल ना वॉरंटी, त्याचे २,५०० गेले. मग बॅटऱ्या. टी४८०ला दोन असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी ही कमांड देऊन बॅटरी रिपोर्ट काढला. आतली २४ वॉट-अवरची, अजून २० धरते. बाहेरची ४८ची, ती ३१वर आली आहे. म्हणजे जेमतेम ६५ टक्के. वर्षभरात बदलावी लागेलच, पण आज मेलेली नाही, म्हणून नव्या बॅटरीची पूर्ण किंमत न कापता १,२०० कापले. पॅनेलवर खाली उजव्या कोपऱ्यात एक उजळ ठिपका आहे, पांढऱ्या पानावरच दिसतो. आधीच्या मालकाने सकाळच्या विरार लोकलमध्ये बॅग छातीशी धरली असणार. त्याचे ८०० गेले.

मग रॅम. दुकानातल्या मशीनला ८ जीबी, माझ्यात ८ अधिक ८. डीडीआर४ रॅमचे भाव २०२५च्या शेवटी असे चढले की एक मित्र म्हणाला, "एक स्टिक काढून वेगळी विक ना!" काढली नाही. या मशीनचं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं आणि दोन स्टिक असल्या की ते बरं चालतं. वेगळी विकली तर चार पैसे जास्त मिळाले असते, पण तसं लंगडं मशीन विकायला मला आवडत नाही. १,५०० वाढवले. बेरीज-वजाबाकी आली १८,०००. जाहिरातीत १९,००० टाकले आणि १७,५००च्या खाली जायचं नाही असं मनाशी ठरवलं. याहून जास्त फुगवून ठेवलं तर फोनच येत नाहीत. लोक २०,०००चा फिल्टर लावून बघतात हेही आहेच.

जाहिरातीत बॅटरी रिपोर्टचा फोटो टाकला आणि ठिपक्याचा फोटो पांढऱ्या पानावर, मुद्दाम जवळून. "दादा, लास्ट किती?" एवढेच मेसेज करणारे येतातच, त्यांना "या, बघा, मग बोलू" एवढंच उत्तर. शेवटी वसईहून एक कॉलेजची मुलगी मामाला घेऊन आली. मामा तयारीचे निघाले. झाकण एका बोटाने उघडून बिजागरी सैल आहे का पाहिलं, चार्जर दोन्ही टाइप-सी पोर्टांना लावून पाहिला, मग पेनड्राइव्ह.

"बॅटरी एवढी उतरलीय, सोळा करा."

"काका, ती कापूनच किंमत लावलीय. हा कागद बघा." वजाबाकीचा कागद पुढे केला.

त्यांनी तो नीट वाचला, रॅमच्या ओळीवर बोट ठेवून भाचीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, सतरा आठशे. वर चहा तुमचा."

दिला. पैसे यूपीआयने आले. साध्या कागदावर सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घेतल्या. बायोसचा (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचा) सुपरवायझर पासवर्ड त्यांच्यासमोर उघडून रिकामा असल्याचं दाखवलं. थिंकपॅडमध्ये तो राहिला आणि कुणाला आठवत नसला, तर कंपनी बोर्डच बदलायला सांगते. तुमच्याकडचं मशीन विकायला काढण्याआधी एकदा सुरू होताना एफ१ दाबून बघून घ्या.