चार जीबी रॅममध्ये बसणारा कोड एडिटर

माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे आणि ती वाढवता येत नाही, चिप बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. त्यात ब्राउझर, त्याची डेव्हलपर टूल्स, मागे नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर आणि समोर व्हीएस कोड हा एडिटर. एवढं एकदम चालू झालं की मशीन स्वॅपवर जायचं, म्हणजे रॅम पुरेना म्हणून संथ डिस्क वापरायला लागायचं, आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर जातानाही ताटकळावं लागायचं. ब्राउझर सोडून वेबचं काम होत नाही, तेव्हा एडिटर बदलून बघायचं ठरवलं.

व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायच्या चौकटीवर उभा आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम हा ब्राउझर आहेच. तुमचा ब्राउझर एक, हा दुसरा. हलक्या एडिटरांच्या जुन्या याद्यांत अजून ॲटम आणि ब्रॅकेट्स दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. ब्रॅकेट्सचा सपोर्ट अडोबीने १ सप्टेंबर २०२१ ला थांबवला आणि ॲटम गिटहबने १५ डिसेंबर २०२२ ला बंद केला. तसाही ॲटम हलका नव्हताच. इलेक्ट्रॉन मुळात त्याच्यासाठीच बनवला गेला.

लोकांची मतं वाचत बसण्यापेक्षा मी रोजचीच कामं प्रत्येक एडिटरला करायला लावली. प्रोजेक्टचं फोल्डर उघडायचं, नावाची दोन-चार अक्षरं टाइप करून फाइल गाठायची, ul>li*5 लिहून टॅब दाबायचं (एमेट ही सोय त्यातून पाच कलमांची एचटीएमएल यादी उभी करते), एकच क्लासचं नाव सगळीकडे एकदम बदलायचं आणि शेवटी एक मिनिफाइड, म्हणजे मोकळ्या जागा काढून आवळलेली जावास्क्रिप्ट फाइल उघडायची. ही शेवटची परीक्षा फार बोलकी असते. अख्खा कोड एका ओळीत असतो, आणि रंग देणं, ओळ मोडणं ही कामं ओळीच्या हिशोबानेच चालतात.

नोटपॅड++ फक्त विंडोजचा, मी लिनक्सवर, त्यामुळे तो बाद. जीनी क्षणात उघडला. पण कंट्रोल+डी दाबलं की पुढचा तोच शब्द निवडला जावा ही माझ्या बोटांची सवय, आणि जीनीत त्याच शॉर्टकटने अख्खी ओळ दुप्पट होते. शॉर्टकट बदलता येतो, पण त्यामागे एकाच वेळी अनेक ठिकाणी टाइप करायला मला हवे तसे अनेक कर्सर मिळाले नाहीत. केट मात्र मनापासून आवडला. मिनिफाइड फाइल उघडल्यावर त्याने सरळ सांगितलं की ओळ १०,००० अक्षरांच्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून तोडून दाखवतो. गोठण्यापेक्षा हे कितीतरी बरं. झेड हा एडिटर रस्ट या भाषेत लिहिलेला, ॲटमच्याच मंडळींचा, आणि त्याचं कौतुक खूप ऐकलं होतं. पण लिनक्सवर त्याला वल्कन हे चित्र काढायचं तंत्र चालणारं ग्राफिक्स लागतं, ते माझ्या जुन्या चिपला झेपत नाही. विम हा टर्मिनलमधला एडिटर सर्व्हरवर वापरतोच. पण पानावरचा मराठी मजकूर टर्मिनलच्या चौकटींत नीट बसत नाही, जोडाक्षरं फुटतात आणि कर्सर भलतीकडेच उभा राहतो.

मग सब्लाइम टेक्स्ट. गाभा सी++ चा, प्लगइन पायथनची. वर सांगितलेल्या सगळ्या कामांत मला तोच सगळ्यात चपळ वाटला. चाचणीला मुदत नाही, फक्त अधूनमधून लायसन्स घ्या म्हणून खिडकी उघडते. कायम वापरायचा तर घ्यावंच.

खरी गंमत पुढे झाली. व्हीएस कोडसारखं ऑटोकम्प्लीट हवं म्हणून सब्लाइममध्ये टाइपस्क्रिप्टचा लँग्वेज सर्व्हर (मागे बसून कोड समजून घेणारा आणि एडिटरला सूचना देणारा प्रोग्रॅम) आणि त्याच्याशी बोलणारं एलएसपीचं पॅकेज टाकलं, आणि मशीन पुन्हा पूर्ववत रांगायला लागलं. टॉप या कमांडमध्ये, जी चालू प्रोसेस दाखवते, मेमरीप्रमाणे क्रम लावला तर सब्लाइम खाली आणि नोडची प्रोसेस वर. तो टीएस-सर्व्हर, म्हणजे टाइपस्क्रिप्टचं तेच लँग्वेज सर्व्हरचं काम करणारा. मग व्हीएस कोडच्या हेल्प मेन्यूतला प्रोसेस एक्सप्लोरर उघडून पाहिला, तिथेही हेच महाशय आणि शेजारी एक्स्टेंशन चालवणारा एक्स्टेंशन होस्ट. प्रोजेक्टमधले सगळे टाइप मेमरीत धरून ठेवणं हेच त्याचं काम, मग एडिटर कुठलाही असो. म्हणून ‘सर्वांत हलका एडिटर कोणता’ या प्रश्नाला मी आता फार किंमत देत नाही. त्याच्यासोबत काय काय चालू ठेवणार, ते आधी विचारा.

आता माझी मांडणी अशी: सब्लाइम, त्यात एमेट आणि प्रोजेक्टचे टॅब-स्पेसचे नियम पाळणारं एडिटरकॉन्फिगचं प्लगइन, बस. लँग्वेज सर्व्हर एरवी बंद, ज्या प्रोजेक्टला खरंच लागतो त्यापुरताच चालू. कोड नीट मांडणारं प्रेटियर कमिटच्या आधी टर्मिनलमधून चालवतो. टाइपच्या चुका हव्या तेव्हा tsc --noEmit ने (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, फाइली न बनवता फक्त तपासणारा) बघतो. इम्पोर्टची ओळ आपोआप येत नाही, ती हाताने लिहावी लागते, आणि हे रोज थोडं खटकतं. फंक्शनचं नाव पन्नास फाइलींत बदलायचं असेल किंवा ब्रेकपॉइंट लावून (कोड ठरावीक ओळीवर थांबवून) तपासायचं असेल, तर ब्राउझरचे फालतू टॅब बंद करून सरळ व्हीएस कोड उघडतो.