ड्रिल मारून केलेला क्रिस्टल

फोटोनिक क्रिस्टल (ठरावीक अंतराने तीच तीच रचना असलेला, काही लहरी अडवणारा पदार्थ) म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी नॅनो, क्लीनरूम (धूळमुक्त लॅब) वगैरे. पण 1991 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच आणि मंडळींनी पूर्ण बँडगॅपवाला (म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सींना सगळ्या दिशांनी बंदी असलेला) क्रिस्टल चक्क ड्रिलने तिरकी भोकं पाडून बनवला, कारण 15 गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थच 2 सेंटीमीटर, मग भोकंही मिलिमीटरमधली, डोळ्यांना दिसणारी! 13 ते 16 गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातून कुठल्याच दिशेने जाईनात.

आता लोचा असा की भोकं एकदा पाडली की पाडली, गॅप तिथेच फिक्स. मग तो व्होल्टेजने हलवायचा कसा? मला सगळ्यात आवडतो तो तारांच्या जाळीचा प्रकार, तारा मध्ये मध्ये तोडायच्या आणि त्या फटीत पिन डायोड (करंटवर चालणारे स्विच) बसवायचे, करंट दिला की तार सलग होते आणि मायक्रोवेव्ह अडतात, बंद केला की तार परत तुटक आणि त्याच लहरी आरपार. पिनऐवजी व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) टाकला तर नुसतं ऑन-ऑफ नाही, रिव्हर्स व्होल्टेज वाढवलं की कपॅसिटन्स कमी होतो आणि रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी हळूहळू वर सरकते. लिक्विड क्रिस्टलनेही जमतं, पण ते जरा आळशीच, हळू बदलतं. अर्थात पेपरात हे सोपं वाटतं, शेकडो डायोड सोल्डर करून प्रत्येकाला बायस (चालवायला लागणारं व्होल्टेज किंवा करंट) पोचवायचा म्हणजे डोक्याला ताप, वर डायोडचा लॉस वेगळाच.